उसनीं हत्यारें आणि जुन्या मोटारी

१

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा यंत्र निर्माण करणाऱ्यांचा इतिहास लिहितात. मोटारीचा शोध कोणीं लावला, पहिला कारखाना कोठें निघाला, कोणत्या सालीं किती गाड्या विकल्या गेल्या, हें सारें त्यांत सांपडतें. परंतु एकदां निर्माण झालेलें यंत्र पुढें मोडतें, गंजतें, अडगळींत पडतें, आणि क्वचित् प्रसंगीं कोणा छांदिष्ट माणसाच्या हातून पुन्हां उठून चालूं लागतें. ह्या पुनर्जन्माचा इतिहास लिहिण्याच्या भरीस फारसें कोणी पडत नाहीं. आणि ज्या हत्यारांनीं हा पुनर्जन्म घडतो त्यांची तर कोणी वास्तपुस्तही करीत नाहीं. तीं हत्यारें कोणाचीं होतीं, गरजू माणसाच्या हातीं तीं कशीं पडलीं, आणि काम झाल्यावर कोठें गेलीं, ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नांच्या पोटीं समाजाच्या घडणीचा बराच मोठा इतिहास दडलेला आहे, असें मला वाटतें.

हा प्रश्न माझ्या मनांत प्रथम उभा राहिला तो एका घरगुती प्रसंगामुळें. मी त्या वेळीं आठ-नऊ वर्षांचा असेन. वडील एका तालुक्याच्या गांवीं डॉक्टर होते आणि त्यांच्याजवळ एक जुनी महिंद्र जीप होती. ही जीप मूळची अमेरिकेंतील विलीस कंपनीच्या घडणीची. तिच्या मागच्या चाकाचा हब निमुळत्या आंसावर असा घट्ट बसलेला असतो कीं, नुसत्या हातोडीनें तो निघत नाहीं. त्यासाठीं पुलर लागतो. वडिलांना स्वतःच्या हातानें गाडी दुरुस्त करण्याची हौस होती. त्यांनीं गांवांतल्या एकुलत्या एका मिस्त्रीकडे पुलर मागण्यासाठीं मला बरोबर नेलें. मिस्त्रीनें आदरानें बसावयास स्टूल दिलें, चहा मागविला, आणि नम्रपणें पण निश्चयानें सांगितलें, "डॉक्टरसाहेब, मी स्वतः येऊन चाक काढून देतों, पैसाही नको, पण हत्यार दुकानाबाहेर जाणार नाहीं."

आणि तो खरोखरच आला. त्यानें पुलर बसविला, मळसूत्र आवळलें, टोंकावर एकच घाव घातला, आणि हब बंदुकीसारखा आवाज करून सुटला. वडील जवळ उभे राहून पाहत होते. काम फुकट झालें होतें. परंतु घरांत येतांना त्यांच्या तोंडावर जी निराशा होती तिचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं कळला. त्यांना चाक काढून नको होतें. तें त्यांना स्वतः काढावयाचें होतें.

मिस्त्रीला कृपण म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्याकडे हत्यार ही नुसती वस्तु कधींच नव्हती. खंडेनवमीच्या दिवशीं सुताराची किंकरें, लोहाराची ऐरण, शिंप्याची कात्री देवाच्या जागीं मांडून त्यांना हळदकुंकूं वाहावें, हा आपला जुना आचार. बलुतेदारींत हत्यार बापाकडून लेकाकडे जात असे. त्याच्याबरोबर विद्या जात असे, आणि त्या विद्येबरोबर जात. हत्यार, हात आणि कुळ हीं तिन्हीं एकत्र बांधलेलीं होतीं. त्यांतलें हत्यार तेवढें सोडवून दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे ती गांठच सोडणें होय. ज्या समाजांत लेखणी धरणारे हात आणि हातोडी धरणारे हात वेगळ्या घरांत जन्मास येतात, त्या समाजांत उसन्या हत्यारांचा व्यवहार वाढत नाहीं. तो जेथें वाढला तेथें कसा वाढला हें पाहणें म्हणूनच बोधप्रद आहे.

२

जुन्या मोटारी जतन करण्याचा छंद मूळ इंग्लंडांतला. त्या देशांत इ. स. १८६५ च्या कायद्यानें वाफेच्या गाडीपुढें साठ यार्डांवर तांबडें निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे असें बंधन घातलें होतें; वेगाची मर्यादा शहरांत ताशीं दोन मैल व बाहेर चार मैल. निशाणाची सक्ती १८७८ मध्यें गेली. तथापि पुढें माणूस चालविण्याची सक्ती १८९६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं नवा कायदा होऊन हलक्या मोटारींना ताशीं चौदा मैलांची मुभा मिळाली, आणि १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं मोटारवाल्यांनीं लंडनपासून ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढून हा मुक्तिदिन साजरा केला.

ही मिरवणूक १९२७ सालीं पुन्हां काढण्यांत आली, तेव्हां जुन्या गाड्या शोधतां शोधतां लोकांच्या ध्यानांत आलें कीं, अवघ्या तीस वर्षांत त्या दुर्मिळ होऊन बसल्या आहेत. कोणी कोंबड्यांच्या खुराड्यांत सांपडली, कोणी भंगारांत. १९३० मध्यें ब्रायटन येथें व्हेटरन कार क्लबची स्थापना झाली, १९३४ मध्यें व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब निघाला, आणि अमेरिकेंत १९३५ व १९३७ मध्यें अशाच दोन मोठ्या संस्था जन्मास आल्या. आजही लंडन-ब्रायटन यात्रेंत १९०५ च्या पूर्वीं बांधलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो.

आरंभींचे हे छांदिष्ट बहुतेक सुखवस्तु होते. त्यांच्यापाशीं गाडीखाना होता, पगारी कारागीर होते. हत्यारांचा प्रश्न त्यांना भेडसावण्याचें कारण नव्हतें. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटलें. ब्रायटनच्या यात्रेवर रचलेला 'जेनेव्हीव्ह' हा विनोदी चित्रपट १९५३ सालीं निघाला व त्यानें हा छंद घरोघरीं पोंचविला. आतां कारकून, शिक्षक, गिरणींतले फिटर अशीं माणसें घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्यें एखादी मोडकी गाडी आणून ठेवूं लागलीं. ह्यांच्यापाशीं वेळ होता, चिकाटी होती. नव्हतीं तीं हत्यारें.

३

येथें वाचक विचारतील कीं, पाने आणि हातोड्या तर कोठेंही मिळतात. मग अडलें कोठें? ह्याचें उत्तर समजण्यासाठीं जुन्या गाडीच्या अंतरंगांत थोडें शिरावें लागेल.

पहिली अडचण आट्यांची. जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज यंत्रकारानें १८४१ सालीं बोल्टाच्या आट्यांचें माप प्रथम ठरवून दिलें. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेंत १८६४ मध्यें विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा कोन पुढें मांडला, आणि युरोपखंडांत मेट्रिक मापें रूढ झालीं. व्हिटवर्थ पान्यावर जो आंकडा असतो तो बोल्टाच्या डोक्याच्या रुंदीचा नसून दांड्याच्या जाडीचा असतो, त्यामुळें नवशिक्याचा हमखास घोटाळा होतो. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा ह्यांनीं समान आट्यांचा करार केला तो १९४८ सालीं. म्हणजे तत्पूर्वींची प्रत्येक गाडी आपली वेगळीच भाषा बोलते.

ह्या भाषाभेदाचें एक मौजेचें उदाहरण एम. जी. कंपनीच्या १९४५ पासून निघालेल्या टी. सी. गाडीचें. ह्या अस्सल इंग्रज गाडीच्या इंजिनांतील आटे फ्रेंच पद्धतीचे मेट्रिक, आणि त्याच बोल्टांचीं डोकीं मात्र व्हिटवर्थ मापाचीं! कारण असें कीं, विल्यम मॉरिस यानें १९२३ सालीं हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना विकत घेतला; तेथील यंत्रें मेट्रिक आटे पाडणारीं होतीं आणि गिऱ्हाइकांच्या घरचे पाने इंग्रजी होते. एका व्यापारी खरेदीचा वळसा पांच-पंचवीस वर्षांनंतरच्या बोल्टांतही टिकून राहिला.

दुसरी अडचण याहून मोठी. हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीवर निघाली, आणि म्हणूनच छांदिष्टांच्या हातीं ती फार येते. तिची बेअरिंगें आजच्यासारखीं दुकानांतून आणून बसवितां येत नाहींत. कथील, तांबें व अँटिमनी यांची मऊ मिश्रधातु—आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं पेटंट घेतलेली—वितळवून ती इंजिनाच्या ठोकळ्यांतच ओतावी लागते, आणि मग सर्व बेअरिंगें एका रेषेंत येतील अशा बेतानें तीं आंतून कातावीं लागतात. त्यासाठीं सांचा लागतो आणि लांब दांड्याचें खास कातयंत्र लागतें. ह्याच गाडीच्या गतिचक्रावर सोळा लोहचुंबक बसविलेले असतात. वर्षानुवर्षें त्यांचें बळ क्षीण होतें व तें पुन्हां भरून द्यावें लागतें. त्यासाठीं आणखी एक निराळें उपकरण. गाडीचा पत्रा गोलाईंत आणावयाचा तर 'इंग्लिश व्हील' नांवाचें, दोन चाकांच्या मध्यें पत्रा घोळविणारें, माणसाएवढें उंच यंत्र हवें. इंजिन बाहेर काढण्यास क्रेन हवी, दाबून बसविलेले भाग सोडविण्यास प्रेस हवा.

ह्यांपैकीं प्रत्येक वस्तु महाग आहे, जड आहे, आणि एका गाडीच्या पुनर्जन्मांत ती बहुधा एकदांच लागते. कारखान्याला जें यंत्र रोज लागतें तें त्यानें विकत घ्यावें हें ठीक. पण ज्याला तें आयुष्यांत तीन दिवस लागणार त्यानें काय करावें? भाड्याचा जन्म झाला तो ह्या तीन दिवसांपोटीं.

४

हत्यार मिळविण्याच्या चार वाटा पश्चिमेंत निरनिराळ्या ठिकाणीं पडल्या. त्या एकमेकींपासून उगम पावल्या नाहींत. एकच गरज चार प्रकारच्या समाजव्यवस्थेंतून वाट काढीत गेली, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

पहिली वाट ग्रंथालयाची. मोटारींची राजधानी जें डिट्रॉइट शहर, त्याच्या शेजारच्या ग्रोस पॉइंट गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयांत १९४३ सालीं तेथील रोटरी क्लबच्या साहाय्यानें हत्यारें उसनीं देण्याचा उपक्रम सुरू झाला. काळ युद्धाचा होता. फेब्रुवारी १९४२ पासून अमेरिकेंत खाजगी मोटारींचें उत्पादन बंद पडलें होतें, आणि जें घरांत आहे तेंच दुरुस्त करून वापरणें लोकांना भाग होतें. पुस्तकाप्रमाणें पाना घरीं न्यावा व मुदतींत परत करावा, ही कल्पना पुढें फैलावली. कोलंबस शहरांत १९७६ मध्यें, बर्कले येथील ग्रंथालयांत १९७९ मध्यें, आणि स्कॉटलंडांत एडिंबरो येथें २०१५ मध्यें अशीं हत्यारालयें निघालीं. ह्यांत मोटारींचीं खास यंत्रें थोडींच असतात. पण तत्त्व येथें प्रथम स्पष्ट झालें.

दुसरी वाट व्यापाराची. वस्तु न विकतां तिचा उपयोग विकावा, हें मोटारींच्या धंद्यास नवें नव्हतें. शिकागो येथें वॉल्टर जेकब्स नांवाच्या तरुणानें १९१८ सालीं बारा मॉडेल टी गाड्या घेऊन त्या भाड्यानें देण्याचें दुकान काढलें. १९२३ मध्यें तें जॉन हर्ट्झनें विकत घेतलें व पुढें जगभर पसरलें. गाडी भाड्यानें मिळूं लागली. गाडी दुरुस्त करणारें यंत्र भाड्यानें मिळावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला. ब्रिटनमध्यें हायर सर्व्हिस शॉप्स ही कंपनी १९५७ सालीं निघाली. अशीं दुकानें मुख्यत्वें बांधकामवाल्यांसाठीं असत. पण इंजिन उचलण्याची क्रेन शनिवार-रविवारपुरती नेणारा छांदिष्ट हाही त्यांचें गिऱ्हाईक बनला. अमेरिकेंतील ऑटोझोनसारख्या सुट्या भागांच्या दुकानांनीं तर याहून चतुर युक्ति काढली. हत्याराची पूर्ण किंमत अनामत घ्यावयाची आणि तें परत आल्यावर ती सगळीच्या सगळी परत द्यावयाची. भाडें शून्य! कारण उघड आहे: ज्याला पुलर उसना मिळाला तो बेअरिंग ह्याच दुकानांतून घेणार.

तिसरी वाट कार्यशाळेची. येथें हत्यार माणसाकडे जात नाहीं, माणूस हत्याराकडे येतो. अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत सैनिकांसाठीं अशा मोटारशाळा असतात. तेथें ताशीं भाडें भरून गाडी उचलण्याचें यंत्र व हत्यारें वापरतां येतात, आणि चुकणाऱ्याला हटकण्यास एक जाणता देखरेख्या हजर असतो. जर्मनींतही स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांसाठीं जागा, लिफ्ट व हत्यारें तासावर देणाऱ्या कार्यशाळा पुष्कळ आहेत.

चौथी वाट क्लबांची, आणि मला ती सर्वांत हृद्य वाटते. एकाच जातीच्या गाडीचे मालक एकत्र येतात, वर्गणी काढून त्या गाडीचीं खास हत्यारें घेतात, आणि तीं सभासदांकडे आळीपाळीनें टपालानें फिरत राहतात. जुन्या कंपन्या बुडाल्या, त्यांचे विक्रेते उठून गेले, आणि त्यांच्या भिंतींवर टांगलेलीं हत्यारें लिलावांत निघालीं; तीं वांचविलीं तीं पुष्कळदां अशा मंडळ्यांनींच. हा व्यवहार भाड्याचा म्हणावा तर भाडें नाममात्र. उसनवारीचा म्हणावा तर तिला वहीखातें आहे. नफ्याकरितां नव्हे, पण नियमानें चाललेला हा देवघेवीचा प्रकार आपल्या जुन्या भिशीच्या जवळचा वाटतो.

५

हत्यार उसनें देणें ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. क्रेन किंवा प्रेस यांसारखीं दणकट यंत्रें दहा हातांतून फिरलीं तरी बिघडत नाहींत. धारेच्या हत्यारांची गोष्ट निराळी. भोंक नेमक्या मापाचें करणारा रीमर नेहमीं एकाच दिशेनें फिरवावा लागतो. बाहेर काढतांना कोणीं तो अडाणीपणें उलटा फिरविला कीं त्याची धार गेली, आणि ती गेल्याचें पुढच्या माणसाला काम बिघडल्यावरच कळतें. मापाच्या उपकरणांचें तसेंच: एकदां जमिनीवर पडलेलें मायक्रोमीटर बाहेरून धडधाकट दिसतें आणि आंतून खोटें बोलतें. म्हणून शहाणा भाडेकरी दणकट वस्तु बिनदिक्कत देतो, पण धारेची व मापाची वस्तु देतांना समोरच्याचे हात पाहतो.

तिसरा वर्ग धोक्याच्या हत्यारांचा. गाडीची स्प्रिंग दाबून धरणारें उपकरण निसटलें तर माणूस जायबंदी होतो. अनामत घेऊन पान्याची किंमत वसूल होईल. बोटाची कशी होणार? म्हणूनच ज्या व्यवस्था टिकल्या त्या बहुतेक सर्वांनीं हत्याराबरोबर थोडें ज्ञानही देण्याची सोय केली: कोठें छापील सूचना, कोठें देखरेख्या, कोठें क्लबांतला एखादा वृद्ध सभासद. हत्यार भाड्यानें मिळतें, पण हात भाड्यानें मिळत नाहीं. तो घडवावा लागतो, हें त्यांना अनुभवानें पटलें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे आमच्या मिस्त्रीचा नकार अगदींच अविचाराचा वाटत नाहीं. त्याला हत्याराची किंमत ठाऊक होती, आणि डॉक्टरांच्या हाताची खात्री नव्हती. पण डॉक्टरांचा हात तयार व्हावा अशी वाट मात्र त्याच्यापाशीं नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर आम्हां पांढरपेशांनींही ती कधीं मागितली नव्हती. शंभर पिढ्या आम्हीं हातोडीकडे कमीपणानें पाहिलें. एका सकाळीं ती मागावयास गेलों म्हणून ती मिळावी, ही अपेक्षा फारच झाली.

६

आपल्या देशांत जुन्या मोटारींचा छंद नाहीं असें नाहीं. स्टेट्समन पत्राची जुन्या मोटारींची दिल्लींतील फेरी १९६४ पासूनची. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम केले व त्यांच्या क्रमांकांत 'व्ही. ए.' हीं अक्षरें घालण्याचें ठरविलें. परंतु येथला छंद फार करून मालकीचा राहिला. काम करणारे हात दुसऱ्याचे. मजुरी स्वस्त, मिस्त्री कुशल. मग स्वतः हात काळे कशाला करावे, असा हा हिशेब. तो हिशेब मिस्त्री आहे तोंवर चालतो.

काहीं वर्षांपूर्वीं माझे एक स्नेही, बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक जुनी जीप विकत घेऊन ती स्वतः नीट करावयास बसले. मागच्या चाकाशीं येऊन त्यांचें गाडें अडलें, तेव्हां मला तो मिस्त्री आठवला. आम्ही दोघे मुद्दाम त्या गांवीं गेलों. दुकानाच्या जागीं मोबाइलच्या वेष्टनांचें दुकान होतें. मिस्त्री वारला होता. मुलानें आम्हांला वडिलांच्या ओळखीखातर अगत्यानें बसविलें. हत्यारांचें विचारलें तेव्हां तो ओशाळून म्हणाला, "सर, तीं तर किलोवर गेलीं."

त्या वाक्यानें मला जें वाईट वाटलें तें केवळ एका पुलरसाठीं नव्हे. कुळ, हात आणि हत्यार यांची गांठ आपण सोडविली नाहीं. ती आपोआप तुटली. मुलानें दुसरा धंदा धरला यांत कांहीं गैर नाहीं, त्याला तो हक्क होताच. पण बापाच्या हातांतलें ज्ञान कोणाच्याच हातीं न जातां लोप पावलें, आणि लोखंड तेवढें तराजूंत पडलें. पश्चिमेंतल्या त्या क्लबांनीं जें वांचविलें तें आपण तोलून विकलें.

पुस्तक एकाच्या घरीं बंद राहूं नये ही गोष्ट आपल्याला पूर्वींच पटली होती. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें आहे. तेथें ग्रंथ घरीं नेऊं देतांना तो फाटेल, हरवेल ही भीति असणारच. तरी आपण तो देत आलों, कारण वाचणारा वाढावा अशी आपली इच्छा होती. करणारा वाढावा अशी इच्छा मात्र आपल्याला अद्याप व्हावयाची आहे. ती झाली तर अनामत, वही आणि मुदत ह्या तीन गोष्टी आपल्याला नव्यानें शिकाव्या लागणार नाहींत.

माझ्या स्नेह्यांनीं शेवटीं एका लेथवाल्याकडून पुलर करवून घेतला. चाक निघालें, जीप आतां चालते. पुलर त्यांच्या गॅलरींत एका गोणपाटांत गुंडाळून ठेवलेला आहे. गेल्या खंडेनवमीला त्यावर त्यांनीं फूल वाहिलेलेंही मीं पाहिलें. "कोणी मागितला तर द्याल का?" मीं विचारलें. ते म्हणाले, "आनंदानें देईन. पण तो माझ्याकडे आहे हें कोणाला ठाऊक आहे?"